घडाघडा वाचणारा धाकटा

दिवेलागण झाली की आजी खुर्चीत टेकायच्या आणि धाकटा नातू त्यांना वाचून दाखवायचा. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर दिसेनासं झालेलं. पुण्याहून लेक मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या साठवून पाठवते, त्या वाचून दाखवायला घरात दुसरं कोणी मोकळं नसायचं. धाकटा पाचवीत. वाचायचा मात्र घडाघडा, एका दमात, जोडाक्षरालासुद्धा न अडखळता. आजी कॉलनीत सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या धाकट्याचं मराठी वाचन एकदा ऐकून जा."

एका संध्याकाळी बातमी आली की चोराला तीन वर्षांची शिक्षा झाली. आजी म्हणाल्या, "बरं झालं मेल्याचं." धाकट्यानं पुरवणी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आजी, तीन वर्षं शिकवणार, म्हणजे चोर कोणत्या क्लासपासून सुरू करेल?"

दुसऱ्या दिवशी आजी माझ्या ओटल्यावर येऊन बसल्या. "अगं, तू शाळेत शिकवतेस ना? मग मला सांग, हा पोरगा इतकं स्वच्छ वाचतो, ते नेमकं काय वाचतो?"

आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही साडेचार महिने जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते मी इथे लिहिते आहे. मुलांची नावं देत नाही. धाकट्याला त्याच्या घरात सगळे धाकटाच म्हणतात, तेच इथेही ठेवते.

एक लिपी, दोन भाषा

मी इंदुरात हिंदी माध्यमाच्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. आमच्या भागात मराठी घरं बरीच आहेत. 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली, त्या राजवटीबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज इथे आहेत, आणि नोकरीधंद्यासाठी मागाहून आलेलेही आहेत. 1935 साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही भरलं. इंदुरी मराठी माणूस या दोन भाषांत असाच वाढतो. स्वयंपाकघरात मराठी, ओटल्यावर हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी.

आमच्या मुलांची मराठी घरगुती असते. 'पाय धू', 'खाली बस', 'पोळी संपव', 'आजीला राग आला बघ'. ही मराठी घर चालवायला पुरते. छापील पानावरची मराठी वेगळी असते, आणि ती मुलांच्या कानावर येतच नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बडोद्यातलं मराठी मूल शाळेत गुजराती लिपी शिकतं. मराठी पुस्तक हातात दिलं की ते देवनागरीला अडखळतं आणि घरच्यांच्या लगेच लक्षात येतं की याला मराठी वाचता येत नाही. आमच्या इंदुरात तसं होत नाही. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे हिंदी वाचणारं मूल मराठी पानही सरसर वाचतं. अडखळत नाही म्हणून कोणाला शंका येत नाही. धाकट्याचं तेच झालं होतं. तीन वर्षं तो आजीला वाचून दाखवत होता आणि सगळं घर खुशीत होतं.

अर्थ न कळता सुरेख म्हणणं आपल्याकडे नवं नाही. चार वर्षांचं मूल रामरक्षा म्हणतं आणि आपण त्याचं कौतुक करतो. ते कौतुक योग्यच आहे, कारण पाठांतरानं जीभ वळते आणि स्मरण तयार होतं. पण तेच माप आपण वाचनालाही लावून बसतो, तिथे मुलाचं नुकसान होतं.

तीन उतारे

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी धाकट्याला बोलावलं. आधी त्याच्या हिंदी पाठ्यपुस्तकाच्या तोडीचा, त्यानं न पाहिलेला एक हिंदी उतारा वाचायला दिला. छान वाचला, छान सांगितला, न लिहिलेलं कारणसुद्धा अंदाजानं बरोबर ओळखलं. म्हणजे बुद्धीचा किंवा वाचनदोषाचा प्रश्न नव्हता, तो मी तिथेच बाजूला ठेवला.

मग मी स्वतः लिहिलेला छोटा मराठी उतारा दिला. त्याचा शेवट असा होता: 'समोर ओढा होता. आजोबांनी घडा खाली ठेवला. इतक्यात माकडानं भाकरी पळवली. आजोबांना राग आला.'

वाचताना एकही चूक नाही. मी म्हटलं, "आता पुस्तक मिट आणि मला गोष्ट सांग."

तो म्हणाला, "दादाजी ने सामने कुछ ओढ़ा था, ठंड होगी. घड़ा खाली था, उसमें पानी नहीं था. बंदर रोटी ले गया. फिर दादाजी को एक राग आया, तो वो गाने लगे."

ही गोष्ट मी वहीत शब्दशः उतरवून घेतली आणि त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचली. त्यानं काहीच्या बाही सांगितलं नव्हतं. प्रत्येक शब्दाचा हिंदी अर्थ घेऊन त्यानं सुसंगत गोष्ट रचली होती. थंडी होती म्हणून पांघरलं, घडा रिकामा होता, भाकरी गेली तरी म्हातारा गात बसला. समजून घेण्याची त्याची ओढ जागी होती, फक्त ती चुकीच्या भाषेच्या आधारानं चालली होती. अशा मुलाला 'लक्ष देत नाही' म्हणणं हा अन्याय आहे, आणि शाळेत मी स्वतः तो कितीदा केला असेल या विचारानं मला झोप लागली नाही.

तिसरी गोष्ट मी त्याच दिवशी केली होती, ती सर्वांत कामाची ठरली. तोच उतारा, एकही शब्द न बदलता, मी त्याला वाचून दाखवला. घडा ठेवताना आवाज जरा खाली आणला, राग येताना चढवला. 'आजोबांना राग आला' म्हणताच धाकटा उडालाच. "अरे, चिडले ते!"

"पण हाच शब्द तू आत्ता वाचलास."

त्यानं कागद ओढून घेतला, बोट ठेवून शब्द पाहिला आणि म्हणाला, "पर काकू, ये तो आजीवाला राग है!"

'खाली'चंही तसंच. 'खाली बस' तो जन्मापासून ऐकतो आहे. 'ओढा' मात्र त्याला ऐकूनही कळला नाही, कारण त्याच्या जगात ओढा नाही, नाला आहे.

म्हणजे न कळणारे शब्द दोन जातींचे निघाले. काही कानाला ओळखीचे होते आणि कागदावर परके झाले होते. मुलांनी पुढे त्यांना 'आजीवाले शब्द' असंच नाव दिलं. दुसरे खरोखर नवे होते. दोघांवरचा उपाय एक नाही, आणि हे ध्यानात यायला मला पुढचा महिना घालवावा लागला.

ऐकण्याचं गणित

1986 मध्ये फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, बरोबर वाचनाचं आकलन. यात बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. धाकट्याची पहिली बाजू भरलेली होती आणि मराठीपुरती दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. सूत्रातली ही दुसरी बाजू ऐकून वाढते. मुलाची ऐकून समजण्याची ताकद त्याच्या स्वतः वाचून समजण्याच्या ताकदीच्या बरीच वर्षं पुढे असते, साधारण सातवी-आठवीपर्यंत. म्हणून वाचून दाखवणं हे बालवाडीपुरतं काम नाही. पाचवीच्या मुलाला वाचून दाखवायला लागलं की लोक म्हणतात, 'आता त्याला स्वतः वाचू द्या.' स्वतः वाचलेलं त्याला त्याच्या आजच्या पायरीवर ठेवतं. त्याच्या वरच्या पायरीची भाषा त्याला मोठ्यांच्या आवाजातूनच मिळते.

आपल्या परंपरेला हे माहीत होतं. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम उगाच लागलेला नाही. आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी वाड्यात चातुर्मासात पोथी लागायची. एकजण वाचायचा, मध्ये थांबून अर्थ सांगायचा, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायका दुसऱ्या दिवशी पाणी भरताना त्या प्रसंगावर वाद घालायच्या.

वर्ग ठरला. शनिवारी संध्याकाळी, माझ्या ओटल्यावर, चौथी ते सहावीची नऊ मुलं.

पहिले चार शनिवार वाया गेले

चूक माझी होती. मला लहानपणी आवडलेलं, जुन्या वळणाचं, लांब वाक्यांचं गद्य मी निवडलं. वाचायला बसले आणि दर ओळीला थांबून अर्थ सांगू लागले. 'ओसरी म्हणजे बरामदा. परस म्हणजे घराच्या मागची जागा. समजलं का?' नऊ मुलं एका सुरात 'हो काकू' म्हणायची. शिवाय मी नियम केला होता की वर्गात मराठीतच बोलायचं. तिसऱ्या शनिवारी ओटल्यावर फक्त माझाच आवाज होता. चौथ्या शनिवारी दोन मुलं आलीच नाहीत.

सहावीतल्या एका मुलीनं निघताना चपला घालता घालता सांगितलं, "काकू, आप हर लाइन पे रोकते हो ना, तो कहानी छूट जाती है."

ती खरं बोलत होती. मी गोष्ट सांगत नव्हते, शब्दकोश वाचत होते. आणि 'समजलं का?' हा प्रश्नच निरर्थक आहे. त्याला मूल 'हो'च म्हणतं. 'नाही' म्हणायला आधी काय समजलं नाही ते समजावं लागतं.

मराठीचा नियमही मी काढून टाकला. तो माझ्या अभिमानापोटी आला होता. ज्या मुलाला विचार हिंदीत सुचतो, त्याला मराठीतच बोल म्हटलं की ते विचार बोलायचंच थांबवतं.

पाचव्या शनिवारपासून

गोष्टी मी स्वतः लिहू लागले, किंवा आजींकडून ऐकून उतरवून घेऊ लागले. एक पान, मोठं अक्षर, प्रत्येकाला झेरॉक्स. मुलं स्वतः जेवढं वाचून समजतील त्याहून थोडं वरचं, पण विषय त्यांच्या ओळखीचा. विषयाची ओळख किती मोठं काम करते हे 1988 मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी दाखवलं होतं. बेसबॉलच्या एका सामन्याचा उतारा त्यांनी 64 मुलांना दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला समजली. आमच्या वर्गात हे क्रिकेटनं सिद्ध केलं. शेवटच्या षटकाची गोष्ट वाचली त्या दिवशी सगळ्यांत मागे बसणारा मुलगा सगळ्यांना समजावून सांगत होता.

नवे शब्द तीनच, आणि तेही वाचायच्या आधी, शक्यतो वस्तू दाखवून. 'परात' म्हणजे काय ते परात आणून वाजवल्यावर पुन्हा विचारावं लागत नाही. 1989 मध्ये न्यूझीलंडमधल्या वॉरविक एली यांच्या प्रयोगात असं दिसलं की नुसतं गोष्ट ऐकूनही मुलं नवे शब्द शिकतात, आणि शिक्षकानं ते शब्द थोडक्यात समजावले तर ही कमाई दुपटीहून अधिक होते. 'थोडक्यात' हा शब्द मी चार शनिवार घालवून शिकले.

मग पहिलं वाचन सलग, मध्ये एकदाही न थांबता. मुलांचे कागद पालथे, नुसतं ऐकायचं. दुसरं वाचन कागद समोर धरून, माझ्या आवाजाबरोबर बोट फिरवत. आजीवाल्या शब्दांवरचा उपाय हाच होता. कानातला 'राग' आणि कागदावरचा 'राग' एकाच क्षणी एकत्र आले की ते पुन्हा सुटत नाहीत. आणि काही गोष्टी तर कागद सांगतच नाही. चिमणीतला 'च' वेगळा आणि चुलीतला 'च' वेगळा, पण छापील अक्षर एकच. हिंदी वाचणारं मूल दोन्ही सारखेच म्हणतं. हा फरक नियम सांगून येत नाही, कोणीतरी वाचून दाखवल्यावरच येतो. 'ळ'ला मात्र कोणाला त्रास झाला नाही, घरात मराठीतून आणि बाहेर माळवी बोलीतून तो त्यांच्या कानावर असतोच.

दुसऱ्या वाचनात दोनच ठिकाणी थांबायचं, ती ठिकाणं आदल्या रात्री पेन्सिलीनं खूण करून ठेवलेली. विचारायचं ते 'आता काय होईल?' किंवा 'तिनं असं का केलं असेल?' असं. उत्तर कोणत्याही भाषेत. मूल म्हणालं, 'उसको गुस्सा आया', की मी म्हणायची, 'हो, तिला राग आला. का बरं?' चूक दाखवायची नाही, मराठी वाक्य सहज परत द्यायचं. काही आठवड्यांनी मुलं स्वतःच माझं वाक्य उचलू लागली.

शिक्षक-प्रशिक्षणात पाठयोजनेत 'आदर्श वाचन' असा एक रकाना असायचा. शिक्षक एकदा खणखणीत वाचतो, मग मुलं अनुकरण करतात. बावीस वर्षं मी तो रकाना भरला. त्यात आवाज आदर्श असायचा, उच्चार आदर्श असायचे. वाचणारा माणूस वाचताना विचार कसा करतो, हे मात्र मुलांना कधी दिसलं नाही. आता मी वाचताना मध्येच मोठ्यानं म्हणते, 'थांबा, ही म्हातारी तर मघाशी घरी नव्हती. मग दार कोणी उघडलं?' आणि मागची ओळ पुन्हा वाचते. शिक्षक मागे जातो, पुन्हा वाचतो, गोंधळतो हे मुलांना पाहायला मिळायला हवं.

पाऊस उघडला

जानेवारीतला एक शनिवार मला सविस्तर सांगायचा आहे.

गोष्ट उन्हाळ्याची होती. गच्चीवर पापडांचं वाळवण, अचानक वळवाचा पाऊस, सगळ्यांची धावपळ, वाळवण आत. पुढची ओळ होती: 'थोड्या वेळानं पाऊस उघडला. आईनं आणि काकूनं पुन्हा चादरी पसरल्या, पापड मांडले.'

'उघडला' हा शब्द मी आधी मुद्दाम सांगितला नव्हता. दुसऱ्या वाचनात तिथे पेन्सिलीची खूण होती. मी थांबले आणि विचारलं, "काय झालं?"

धाकटा लगेच म्हणाला, "पाऊस अजून जोरात आला. उघडला मतलब खुल गया. नळ खुलतो तसा." बहुतेकांनी माना डोलावल्या. तर्क चांगला होता. दार उघडतो, नळ उघडतो, तसा पाऊस उघडला. मी 'बरं' म्हटलं आणि पुढची ओळ पुन्हा वाचली. चादरी पसरल्या, पापड मांडले.

मग मी काही बोलले नाही. मला वाटतं, वाचून दाखवण्यातलं सर्वांत अवघड काम हेच आहे. उत्तर जिभेवर असतं आणि ते गिळून बसायचं असतं.

चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बारिश में पापड़ कौन सुखाता है?"

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्याचं बोट एक ओळ मागे गेलं. ओठ हलवत त्यानं पुन्हा वाचलं. तीन वर्षांच्या घडाघडा वाचनात हा मुलगा मागे गेलेला मी पाहिला नव्हता, आजींनीही पाहिला नव्हता. तो म्हणाला, "नाही काकू, रुको. पापड परत ठेवले... म्हणजे पाऊस बंद झाला असेल. पण मग उघडला काय?"

"तूच सांग. काय उघडलं असेल?"

त्यानं वर पाहिलं. सगळ्यांनीच वर पाहिलं. जानेवारीचं स्वच्छ आभाळ होतं.

"आसमान," चौथीतली मुलगी म्हणाली. "बादल हट गए."

मग मात्र मी सांगितलं की आपण पाऊस उघडला म्हणतो तेव्हा आभाळ मोकळं झालेलं असतं. ज्याला अर्थाची गरज पडलेली आहे, त्याला अर्थ सांगायला दोन वाक्यं पुरतात. त्या दिवशी 'उघडीप' हा शब्दही त्यांनी मागून घेतला, माझ्या यादीत तो नव्हता.

आईची तक्रार

फेब्रुवारीत धाकट्याची आई आली. जरा संकोचूनच म्हणाली, "काकू, राग नका मानू. पण आधी हा किती फास्ट वाचायचा! आता मध्ये मध्ये थांबतो, मागे जातो. अटकायला लागला आहे."

तिचं निरीक्षण अचूक होतं. वेग खरंच कमी झाला होता. शाळांतून आजकाल वेग मोजला जातो आणि तो मोजायलाही हवा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं लक्ष्य आहे. अडचण अशी की 60 मोजायला घड्याळ पुरतं. 'अर्थासह' मोजायला मुलाशी बोलावं लागतं आणि चाळीस मुलांच्या वर्गात ते बोलणं राहून जातं. आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं वाचून दाखवण्याच्या दहा मिनिटांना 'टाइमपास' म्हटलं होतं, आणि मी तेव्हा गप्प बसले होते. आज बसणार नाही.

मी तिला फोनवरची दोन ध्वनिमुद्रणं ऐकवली. नोव्हेंबरमधल्यात धाकटा पूर्णविरामालासुद्धा थांबत नव्हता, श्वास संपेल तिथे वाक्य तुटत होतं. फेब्रुवारीतल्यात तो जिथे थांबत होता तिथे थांबण्यासारखं काहीतरी होतं. अनोळखी शब्द, उलटलेलं वाक्य, कोण बोलतंय हे न कळलेली जागा. ती दुसरं मुद्रण दोनदा ऐकून म्हणाली, "हा विचार करतोय."

जे जमलं नाही

चौथीतली ती मुलगी, जिनं पापडांचा प्रश्न विचारला, तिच्याबद्दल लिहिणं माझं कर्तव्य आहे. गोष्ट ऐकून सांगण्यात वर्गात तिचा हात कोणी धरत नव्हतं. पण तिला लिपीच पक्की येत नव्हती, हिंदीतसुद्धा. ऱ्हस्व-दीर्घ मात्रा, जोडाक्षरं, सगळं डळमळीत. साडेचार महिने ऐकून तिची भाषा फुलली, आणि स्वतः वाचणं जवळजवळ होतं तिथेच राहिलं. गुणाकारातली तिची पहिली बाजू कच्ची होती आणि ती माझ्या वाचनानं भरणार नव्हती. हे मी दोन महिने उशिरा ओळखलं, कारण ती बोलण्यात इतकी पुढे असायची की कागदावर तिचं बोट भलत्याच ओळीवर आहे हे मी पाहिलंच नाही. आता आठवड्यातून तीन दिवस तिला मी वेगळी घेऊन बसते. अक्षरं, मात्रा, तालावर शब्द तोडणं, सगळं पायापासून. शनिवारची गोष्ट तिनं सोडलेली नाही, आणि मी सोडू देणार नाही, कारण अक्षरांशी झगडण्याचं बळ तिला तिथूनच येतं.

धाकट्याचं मराठी लेखन अजून हिंदीच्या वळणाचं आहे. तो 'मला पानी पाहिजे' असं लिहितो. त्याला वेगळा वेळ द्यावा लागेल.

आजींकडचं वाचन

रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, सगळी पोरं राजवाड्याकडे पळाली, त्या आठवड्यात आम्ही वर्गाला सुट्टी दिली. पण आजींकडचं वाचन चालूच होतं. त्यात आता एक बदल झाला होता, तो आजींनीच सुचवलेला. आधी आजी आठवणीतलं काहीतरी सांगायच्या, मग तो वाचायचा, मग दोघं बोलायची.

गेरीनंतर चार दिवसांनी आजी ओटल्यावर आल्या. काठी भिंतीला टेकवली, बसल्या आणि आदल्या संध्याकाळचं सांगू लागल्या. पुरवणीत एका गावाची बातमी होती. पूल वाहून गेला, रस्ता बंद पडला आणि गावकऱ्यांना पाण्यासाठी मोठी यातायात करावी लागते. धाकटा वाचत गेला आणि 'यातायात'पाशी थांबला. त्यानं मागची ओळ पुन्हा वाचली.

"मला म्हणाला," आजी सांगत होत्या, "'आजी, थांब जरा. यातायात म्हणजे तर ट्रॅफिक. पण पूल तर पडलाय, रस्ता बंद आहे. मग ट्रॅफिक कुठून आलं? हा आजीवाला शब्द आहे का?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? विचारलं, तुझ्याच घरात पाणी नाही आणि पूलही नाही, तर तू काय करशील? म्हणाला, लांबून आणीन, हंडे घेऊन, फेऱ्या मारीन, दमून जाईन. म्हटलं, तीच यातायात."